बाबांच्या डोक्यावरचा कॅमेरा

हेल्मेटवर लावायचा तो कॅमेरा मी रागाच्या भरात घेतला. २०१४ च्या आसपासची गोष्ट असेल. गोंदियाहून दवनीवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गावाच्या थोडं अलीकडे, रेतीचा टिप्पर बाबांच्या सायकलीला घासून गेला आणि बाबा रस्त्याच्या कडेखाली जाऊन पडले. हाड मोडलं नाही, पण हनुवटी फाटली. टिप्पर काही थांबला नाही. पोलिसांनी नंबर विचारला. पडता पडता नंबर कोण वाचतं? "हॉर्न बी नाही देलन त्यानं," एवढंच बाबा पुन्हा पुन्हा सांगत राहिले. लिहून घेणाऱ्यानं पेन खाली ठेवलं. पुढच्या वेळी नंबर आपल्या हातात असायलाच हवा, असं मी घरी येईपर्यंत ठरवून टाकलं होतं.

बाबा तेव्हा सत्तरीला टेकले होते. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये सगळी उमर मशीनवर गेलेली. मिल सुटली, पण सायकल सुटली नाही. रोज सकाळी गोंदियाला जायचं, जुन्या सोबत्यांबरोबर चहा प्यायचा, परतताना आमच्या शेतातल्या धानाच्या बांधीवर चक्कर टाकायची आणि मग घरी. गुडघे इतके गेलेले की गावातल्या विहारापर्यंत चालत जायचं तरी वाटेत बसावं लागे. सायकलीवर मात्र त्यांना काहीच दुखत नसे. सायकल काढून घेतली तर हा माणूस खाटेला लागेल, हे आईला ठाऊक होतं आणि मलाही. म्हणून त्या टिप्परनंतरही "जाऊ नका" असं आमच्यापैकी कुणी म्हटलं नाही.

मी एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची, त्यामुळे वायर असलेली कुठलीही वस्तू घरात माझ्याच गळ्यात पडे. कॅमेऱ्याचा मी अभ्यासच केला. हँडलवर लावायचा स्वस्त पडत होता, पण आमच्या रस्त्यावर हँडल असं हादरतं की नंबर सोडा, ट्रकसुद्धा ओळखू आला नसता. डोकं त्यामानानं स्थिर राहतं. म्हणून हेल्मेट आलं. गोंदियाच्या बाजारात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "दीदी, बच्चे के लिए चाहिए?" बाबांसाठी हवंय म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. शेवटी दोन्ही वस्तू ऑनलाइन मागवल्या.

"मी का खदानीत उतरून राहिलो? हे डोक्यावर कायले?" बाबा म्हणाले.

"घाला न जी," आई म्हणाली. "पोरीनं एवढ्या हौसेनं आनलन."

घातलं. चौकातली रिकामटेकडी मंडळी ओरडायची, "काका, चंद्रावर जाऊन राहिले का?" बाबा सगळ्यांना हात करत पुढे निघून जायचे. पहिले काही दिवस कॅमेऱ्यात नुसतं आभाळ आणि विजेच्या तारा आल्या, मग नुसतं पुढचं चाक. रात्री लाइट गेली की चार्जिंग राहायचं आणि बाबा परतीच्या वाटेवर असताना बॅटरी मान टाकायची. शेवटी रबराची पट्टी खाली दाबून मी कोन जमवला. संध्याकाळी जेवणं झाली की मी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावायची आणि आम्ही तिघं बाबांचा दिवस बघत बसायचो. आईला तर नादच लागला. हा माणूस दिवसभर कुठं जातो हे लग्नानंतर पहिल्यांदाच तिला दिसत होतं. एकदा डॉक्टरनं बंद केलेली भजी धरलेला बाबांचा हात थेट पडद्यावर आला. आईनं त्या दिवशी त्यांची अशी हजेरी घेतली की मला हसू आवरेना.

मग एका दुपारी बाबा घरात शिरले ते हेल्मेट हातात घेऊनच. "आज सापडला! हॉर्न न देता अंगावर आनलन. नंबर आला असन त्यात. लाव लवकर."

मी लावलं. दोन्ही बाजूंना हिरवा धान, मधे रस्ता, बाबा डाव्या कडेनं चाललेले. मागून हॉर्न वाजला, चांगला लांब. पडद्यावरचं चित्र तसंच पुढे चालत राहिलं. पुन्हा वाजला. मान जरा जरी वळली असती तरी कॅमेरा वळला असता, पण चित्र हललं नाही. तिसऱ्यांदा तो थांबेचना. आणि तो वाजत असतानाच चित्र सरळ उजवीकडे सरकलं, आमच्या बांधीकडे जाणाऱ्या पांदणीच्या वाटेकडे. हात वर झाला नाही, मान मागे गेली नाही. ब्रेक किंचाळले. ट्रक बाजूला येऊन उभा राहिला. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. "ओ बाबा, मरना है क्या? कब से हॉर्न मार रहा हूँ!"

स्पीकर मी नेहमीसारखा पूर्ण मोठा ठेवलेला. शेजारीण अंगणातून विचारू लागली, कोणाचा ट्रक आला म्हणून. बाबा माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "नाही देलन न हॉर्न?"

आईनं माझ्याकडे पाहिलं.

मिलच्या माणसाच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. मशीनच्या आवाजात बाबांना तशी सवय लागली, त्यांच्यामुळे आईला आणि आईमुळे मला. शाळेतल्या बाया मला म्हणायच्या, मॅडम, तुमचा वर्ग आम्हाला भिंतीपलीकडून पाठ झाला. टीव्ही आमच्याकडे नेहमीच मोठा. बाबांचे कान कधी गेले हे आमच्या त्या गलक्यात आम्हाला कळलंच नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघून ते आमचं सगळं समजून घेत होते. रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकला कुठलं तोंड असणार?

"उद्या पोलिसात जाऊ," बाबा म्हणाले. "नंबर तं आला न?"

नंबर आला होता. एवढा स्पष्ट की लहान पोरानंही वाचला असता.

"बाबा, त्यानं हॉर्न दिला," मी म्हणाले.

"का म्हनतं?"

"दिला हॉर्न! तीनदा दिला!"

मी बेंबीच्या देठापासून ओरडले. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. पुन्हा लाव म्हणाले. मी पुन्हा लावलं. ते स्पीकरजवळ कान नेऊन बसले आणि म्हणाले, "तुहा कॉम्प्युटर बिघडला, बाई." तेव्हा आईनं त्यांचा हात उचलला आणि पंजा स्पीकरवर ठेवला. हॉर्न सुरू झाला. बाबांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा आपल्या हाताकडे, आणि हात काढून घेतला.

आम्ही हातपाय मारले. कानाचं यंत्र आणलं. सायकलीवर त्यात वारा घोंघावायचा, म्हणून ते खिशात जायचं. हँडलला आरसा लावला, तो खड्ड्यांत फिरून बाबांचाच चेहरा त्यांना दाखवायचा. एकदा बाबा आपणहून म्हणाले, "तू म्हनशील तं नाही जात." मला म्हणता आलं नाही. बाबा खाटेवर पडून राहिले आहेत हे चित्र मला ट्रकपेक्षा जास्त घाबरवत होतं. मी म्हटलं, जा, पण मागे पाहत जा.

आणि ते पाहू लागले. दुसऱ्या संध्याकाळी मी कार्ड लावलं. धान, रस्ता, डावी कड. मग चित्र गर्रकन मागे फिरलं, मागचा रस्ता दिसला, लांब एक ट्रक दिसला. चित्र पुन्हा पुढे आलं तेव्हा डावी कड कुठेच नव्हती. सायकल रस्त्याच्या मधे आली होती. बाबांनी ती ओढून कडेला नेली. थोड्या वेळानं पुन्हा चित्र मागे, पुन्हा सायकल मधे. त्यांची ती आखडलेली मान वळली की खांदा वळत होता आणि खांद्याबरोबर हँडल. मी सांगायच्या आधी ते एका रेषेत सरळ जात होते. पाहू नका म्हणावं तर मागचं कळणार नाही. पाहा म्हणावं तर ते माझ्याच सांगण्यावरून चाकासमोर जातील. गोंदियापासून गावापर्यंत ते माझं ऐकत आले होते, अगदी न चुकता. मी चेहरा कॉम्प्युटरकडेच ठेवला, कारण डोळे भरून आले होते.

बाबांनी माझ्या खांद्याला धरून मला आपल्याकडे वळवलं.

"आता बराबर हाय न?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी माझ्या ओठांकडे पाहत राहिले.