राखाडी कार्ड

ओळखपत्रांचे रंग मीच ठरवले होते. खेळाडूंना निळं, पंचांना काळं, व्यवस्थेतल्या माणसांना हिरवं, सफाईच्या माणसांना राखाडी. राखाडी कार्डवाल्यांनी बास्केटमागच्या रेषेबाहेरच बसायचं, गुणलेखकांच्या टेबलाकडे यायचं नाही, हा नियमही माझाच. रियाधच्या त्या हॉलमध्ये बायकांची आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा होती आणि ग्रुपच्या सामन्यांची व्यवस्था आमच्या कंपनीकडे. बसगाड्या, चेंजिंग रूम, पाणी, टॉवेल, नमाजाच्या वेळा वगळून सरावाच्या वेळा. हे सगळं मी बघत होते.

कार्डांचा खोका आला. नावांप्रमाणे लावायला बसले, तर माझं स्वतःचं कार्ड राखाडी निघालं.

मशीनची चूक नव्हती. कार्डं इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या, नंबरावरून छापली जात होती आणि माझ्या इकाम्यावर हुद्दा होता सफाई कामगार. मला आणलं तेव्हा कंपनीकडे त्याच हुद्द्याचा व्हिसा शिल्लक होता. असे पुष्कळ जण येतात. आमच्या इमारतीतला अकाउंटंट इकाम्यावर सुतार होता. त्याची बायको म्हणायची, मग कपाटाचं दार तरी बसवून दाखव. आम्ही सगळे हसायचो.

पण त्या वर्षांत हुद्दा आणि काम जुळतं का, हे सरकारी लोक बघायला लागले होते. एकेक काम स्थानिक माणसांसाठी राखून ठेवलं जात होतं. माझ्या नवऱ्याची पेट्रोकेमिकल कंपनीतली जागा आदल्या वर्षी तशीच गेली आणि तो नाशिकला परतला. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर होती. घर माझ्या पगारावर चाललं होतं आणि माझा इकामा स्पर्धेनंतर लगेच संपत होता. आमच्या केरळी मॅनेजरनी शब्द दिला होता: ग्रुपचे सामने तक्रारीशिवाय पार पडले तर इकामा नवा करू आणि हुद्दाही बदलून घेऊ. अट एकच. माझ्या हाताखाली दिलेल्या सौदी मुलीला सगळं काम शिकवायचं.

ती कॉलेजात बास्केटबॉल खेळलेली होती. मला सिस्टर म्हणायची. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं, ते तिनं सांगितलं. प्रत्येक ग्रुपमध्ये चार संघ, प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, आणि शेवटी दोन संघांचे गुण सारखे झाले तर कोण किती फरकानं हरलं ते मोजतात. म्हणून सामना हातचा गेला तरी कोणी ढिलं पडत नाही. मी तिला माझं शिकवलं. जर्सीचे रंग फोनवर विचारायचे नाहीत. आदल्या दिवशी दोन्ही संघांना बॅगा उघडायला लावून डोळ्यांनी बघायचे, सामन्यात एका संघाचा फिकट, दुसऱ्याचा गडद. ती दिसेल त्याचा फोटो काढायची. मी म्हटलं, फोटो कशाला, माझ्या यादीत बघ. ती म्हणाली, सिस्टर, तुमची यादी मराठीत आहे.

त्या दिवशी मी यादी इंग्रजीत केली.

कार्ड मी उलटं घालून फिरत होते. कोणी विचारलं नाही. ग्रुपच्या शेवटच्या दिवशी, यजमान संघाचा सामना सुरू असताना, कामगार खात्याचे तपासनीस आले. मॅनेजर टेबलाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, टेबल छोड दो. वो मॉप लेके उधर बैठ जाओ. यल्ला, जल्दी."

मी टॅबलेट तिच्या हातात दिला, कार्ड सरळ केलं आणि बास्केटमागे जाऊन बसले. तिथे एक नेपाळी बाई होती. तिनं स्टूल सरकवून जागा केली.

खेळाडू पडली की लाकडावर घामाचा पट्टा उमटतो. शिटी झाली की धावायचं, पुसायचं, मागे यायचं. एका खेळाडूनं मला पुसता यावं म्हणून पाय उचलला. तपासनीस जवळ आले. त्यांनी कार्ड बघितलं, मॉप बघितला आणि पुढे गेले. भीती वाटेल असं वाटलं होतं. मॉपचा टॉवेल बदलायला झाला आहे, एवढंच डोक्यात आलं.

यजमान संघ हरत होता, पण थोड्या फरकानं हरला तर पुढच्या फेरीत जाणार होता. बघायला आलेल्या बायका आरडाओरडा करत होत्या. तेवढ्यात पुढच्या सामन्याचे दोन्ही संघ दाराशी आले. दोन्ही पांढऱ्या जर्सीत.

मला दिसलं. तिलाही दिसलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी उठू शकत नव्हते. ती गडबडली असती तर तक्रार झाली असती आणि माझा इकामा गेला असता. तिनं निभावलं असतं तर टेबलाला माझी गरज उरली नसती. हे मला तिथे बसल्या बसल्याच कळलं, आणि मी शिटीची वाट बघत राहिले.

तिनं फोन काढला, एका संघाच्या व्यवस्थापक बाईंना आदल्या दिवशीचा फोटो दाखवला: उघडी बॅग, आत गडद हिरव्या जर्सी. थोडा वाद झाला. मग तो संघ परत गेला आणि हिरव्या जर्सी घालून आला.

यजमान संघ हरला आणि पुढे गेला.

दिवसाचे सामने संपल्यावर मॅनेजरनी बोलावलं. इकामा नवा होईल म्हणाले. हुद्दा मात्र बदलता येणार नाही. टेबलाचं काम आता स्थानिकांचं आणि मुलगी तयार आहे, खलास. सफाईला बंधन नाही. पुढच्या फेरीत तिथेच बसा. मी बरं म्हटलं.

बाहेर ती थांबली होती. सवयीनं म्हणाली, "सिस्टर, उद्या किती वाजता येऊ?"

"ते आता तू मला सांगायचं," मी म्हटलं.

तिनं टॅबलेटवर बघितलं आणि वेळ सांगितली. माझ्या यादीत होती तीच.

घरी आल्यावर नाशिकहून नवऱ्याचा फोन आला. इकाम्याचं काय झालं, त्यानं विचारलं. नवा करतायत म्हटलं.

"आणि हुद्दा?"

"तोच."

"राहू दे," तो म्हणाला. "कागदावर काय असायचं ते असू दे."

मॉपचे टॉवेल मी घरी आणून धुवायला टाकले होते. मशीन थांबलं होतं. काढून वाळत घातले.