बॉम्ब शेल्टरमधली बादली

बिअर करण्यात काम थोडं आणि वाट बघणंच फार. चार माणसं एका बादलीभोवती वाट बघत बसली की किस्से साठणारच. आमच्याकडे बिअरच्या आधी तेच तयार झाले!

सिंगापूरमध्ये, सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये हा उद्योग मी सुरू केला. घरापुरती बिअर करायला इथे परवानगी आहे, विकायची मात्र नाही. भागीदार सतीश, शेजारच्या हौगांगला राहणारा माझा कॉलेजपासूनचा मित्र. नवरा मिलिंद थेंबभरही घेत नाही, म्हणून तो परीक्षक. लेक इरा प्रेक्षक.

पहिली बादली लावायच्या आठवड्यातच सतीशची नोकरी गेली. आता इथे राहायच्या पासची मुदत संपायच्या आत पुण्याला परत. तो म्हणाला, "इतकी वर्षं इथे दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं सांभाळली. जाण्याआधी आपल्या हातचं काहीतरी जिवंत झालेलं बघू दे."

*

मोड आणून वाळवलेली बार्ली गरम पाण्यात मुरवली, तिचं गोड पाणी हॉप्सची कडू फुलं घालून उकळलं, गार करून वर यीस्ट टाकलं. उरला बार्लीचा चोथा. तो टाकवेना! कांदा, मिरची, बेसन घालून मी त्याची थालीपीठं लावली.

सतीश बराच वेळ चावत राहिला.

"छान आहे गं," तो म्हणाला, "पण आत काथ्या का घातलास?"

*

इथल्या फ्लॅटांमध्ये जाड भिंतींचं, लोखंडी दाराचं बॉम्ब शेल्टर असतं. सगळे त्यात सुटकेसी ठेवतात. आम्ही बादली ठेवली. आत आंबायला लागलं की झाकणावरच्या नळीतल्या पाण्यातून बुडबुडे येतात.

पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही स्टुलं टाकून बसलो. मिलिंद म्हणाला, "यापेक्षा लिफ्टची वाट बघणं बरं!"

आणि डुबुक!

थोड्या वेळाने पुन्हा, डुबुक.

"आई," इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली, "इट्स ब्रीदिंग लाह!"

यीस्टच्या पुडीतली चिमूटभर भुकटी. आम्ही तिला नुसतं गोड पाणी दिलं होतं. सतीशने नकळत हात जोडले, मग आमच्याकडे बघून डोकं खाजवलं.

*

ती बिअर आंबट निघाली. मिलिंद वास घेऊन म्हणाला, "यात मिरच्या छान मुरतील."

दुसऱ्या वेळी मी ऑफिसला गेले असताना त्याने प्रेमाने बादलीला दुलई गुंडाळली. इडलीच्या पिठासारखी ऊब मिळावी म्हणून. सिंगापूरमध्ये! यीस्टला हवा असतो गारवा. संध्याकाळी दार उघडलं तर झाकण कोपऱ्यात आणि फेस छतापर्यंत!

सतीश वर बघत म्हणाला, "शेल्टर कशासाठी बांधतात ते आज कळलं!"

सगळे हसले. मी कोपऱ्यातलं झाकण उचललं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी ते घट्ट झाकण उडवलं होतं.

*

तिसरी बादली पाण्याच्या टबात ठेवली. सामान बांधता बांधता सतीश रोज बसने यायचा, टबात बर्फाच्या बाटल्या बदलून जायचा. बिअर बाटल्यांत भरली. तिच्यात गॅस धरायला अजून काही दिवस हवे होते. त्याचं विमान त्याआधी होतं.

शेवटच्या संध्याकाळी तो म्हणाला, "उघड."

"गॅस धरला नसेल तर?"

"तर तशीच पिऊन जातो."

फस्स! बारीकसा आवाज, पण स्पष्ट. फेस ग्लासच्या काठापर्यंत चढला आणि टिकला. सतीशने सावकाश घोट घेतला.

"कशी आहे?" मिलिंदला राहवेना.

"थांब रे," एवढंच तो म्हणाला.

बाटलीच्या तळाशी यीस्टचा गढूळ थर होता. मी विसळायला उचलली, तर त्याने हात पुढे केला.

"ही मी नेतो."

"गाळ नेणार?"

"गाळ नाही गं. झोपलेत ते."

टोपण लावून, शर्टात गुंडाळून त्याने ती बॅगेत ठेवली.

*

नंतर बरेच दिवस त्याचे मेसेज त्रोटकच. पोचलो. इंटरव्ह्यू आहे. झाला नाही.

एका रविवारी चहा घेताना त्याचा व्हॉइस मेसेज आला. मी स्पीकरवर लावला. पंख्याची घरघर. बाकी काहीच नाही.

"चुकून गेला असेल," मिलिंद म्हणाला.

"श्श, बाबा! वेट लाह."

डुबुक.