ऑनर हेनेगनची चौदा वर्षं

डेलिया हेनेगनला मरणाची घाई नव्हती, म्हणून तिला दुसऱ्याही कशाची घाई नव्हती. वय शहात्तर. मेयो परगण्यातल्या क्लूनबेग गावात तिचं घर, घरात ती आणि एक बहिरं मांजर. स्वयंपाकघराला रंग द्यायचा होता, तो दर साली पुढच्या उन्हाळ्यावर जाई. एकदा स्पेनचा समुद्र बघायचा होता, तोही सवडीनं. सवड रग्गड होती. हेनेगन माणसं शंभरी ओलांडतात हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण डेलियाची पणजी ऑनर एकशे चार वर्षं जगली होती.

आता डेलियाचा बाप साठीतच गेला, पण तो दारूनं गेला, तेव्हा तो धरायचा नाही. काका इंग्लंडात गेला, तिथली हवा. आत्या बसखाली आली. एकूण हेनेगन घराण्यात आपल्या मरणानं मेलेलं माणूस एकच, ते म्हणजे ऑनर, आणि हिशेब करायचा तो तिच्यावरून. नव्वदीची ऑनर दलदलीतून जळणाच्या मातीची पाटी पाठीवर घेऊन घरी येई. तिच्या शंभराव्या वाढदिवसाचा फोटो डेलियाच्या चुलीवरच्या भिंतीला टांगला होता. त्यात म्हातारीचे केस काळेभोर. पाहुणे थक्क होत, आणि डेलिया "हेनेगनांचे केस" असं म्हणून स्वतःच्या पांढऱ्या डोक्यावरून हात फिरवी.

या सगळ्यात अडकून बसला होता फेस्टस मॅनियन. पलीकडच्या टेकडीवर त्याच्या मेंढ्या. आई होती तोवर त्या घरात दुसऱ्या बाईनं पाऊल ठेवायची सोय नव्हती. आई गेली तेव्हा फेस्टसची पन्नाशी उलटली होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, मेंढ्यांचा बाजार आटोपल्यावर, तो धुतलेला सदरा घालून डेलियाकडं आला, चहा प्याला आणि लग्नाचं विचारलं. डेलिया म्हणाली, बघू. पुढच्या ऑक्टोबरात तो पुन्हा आला. ती पुन्हा म्हणाली, बघू. मग तो रिवाजच पडला. नकार तिनं कधी दिला नाही. फेस्टसही कधी खंगला नाही. विचारून झालं की तो मेंढ्यांच्या भावाकडं वळे.

दर गुरुवारी डेलिया चर्चच्या हॉलमध्ये संगणकासमोर बसे. अमेरिकेतून माणसं येत, आपला आजा-पणजा कुठल्या घरातला ते शोधायला. डेलिया त्यांना जुन्या खानेसुमारीची पानं काढून देई: एक सन एकोणीसशे एकची, एक एकोणीसशे अकराची. घर कसलं, खिडक्या किती, माणसं कोण, वयं काय, कुणाला लिहिता येतं. ती कुणाची गय करत नसे. बॉस्टनचा एक न्यायाधीश आपण राजवंशातले म्हणून आला होता. डेलियानं त्याला एक खोली, एक खिडकी आणि डुकरांचं खोपट असलेला राजवाडा काढून दाखवला. गावातल्या पबवाल्यांच्या घराण्यात एक स्पॅनिश गलबताचा कप्तान होता, त्याचा तिनं चिंध्या गोळा करणारा फेरीवाला केला. ते लोक तिच्याशी वर्षभर बोलले नाहीत. कागद म्हणतो ते खरं, हे तिचं वाक्य हॉलच्या भिंतींनाही पाठ झालं असेल.

स्वतःच्या घराचं पान मात्र तिनं कधी उघडलं नव्हतं. जे माहीत आहे ते कशाला शोधायचं?

सप्टेंबरात शिकागोच्या चुलतबहिणीचं, लोरेटाचं पत्र आलं. ऑनरच्या कबरीवर नवा दगड बसवायचा आहे, पैसे आम्ही देतो, तू फक्त जन्मसाल आणि वय कळव. डेलियाला वाटलं, एवढं मोठं वय दगडात कोरायचं, तर एकदा कागदाशी ताडून घ्यावं. गुरुवारी पाहुणे गेल्यावर तिनं आधी अकराचं पान काढलं. ऑनर हेनेगन, विधवा, वय एकाहत्तर. बरोबर. सवयीनं तिनं एकचंही काढलं.

ऑनर हेनेगन, विधवा, वय सत्तेचाळीस.

डेलियानं चष्मा पुसला. घर तेच होतं, मुलगा मायकेल तोच. मायकेल दहा वर्षांत दहाच वर्षांनी वाढला होता. त्याची आई त्याच दहा वर्षांत चोवीस वर्षांनी म्हातारी झाली होती.

लिहिणाऱ्याची चूक असेल म्हणून तिनं शेजारची घरं उघडली. शेजारच्या घरी टॉम मॅनियन, फेस्टसचा पणजा, बावन्नचा एक्याऐंशी झालेला. त्याच्या पलीकडं दोघी बहिणी, दोघींना वीस-वीस वर्षं एकदम लागलेली. सगळ्या वाडीवर जणू म्हातारपणाची साथ येऊन गेली होती. मधे काय घडलं ते डेलियानं कितीतरी अमेरिकनांना हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा इथंही राज्य लंडनचं; त्या सरकारनं सत्तरीच्या पुढच्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन लावलं होतं, आणि या लोकांच्या जन्माची कुठं नोंद नव्हती. पेन्शनचा साहेब विचारी, सत्तर वर्षांमागं मोठं वादळ झालं त्या रात्रीचं काही आठवतं का? सगळ्यांना आठवे. त्या वादळानंतर पंधरा वर्षांनी जन्मलेल्यांना तर फारच बारकाईनं आठवे.

आज तिला हसू आलं नाही. छप्पन्नची एक विधवा एका सकाळी उठते आणि सत्तरीची होते. काठी घेते. लग्नाघरी नाच सुरू झाला की भिंतीपाशी जाऊन बसते, कारण साहेबाच्या कानावर जायला वेळ लागत नाही. आणि मग नसलेल्या वर्षांचं ते ओझं मरेपर्यंत अंगावरून उतरवता येत नाही. ऑनर नव्वदाव्या वर्षी गेली होती, बस्स. डेलियानं बोटांवर मोजलं. काल तिच्याजवळ अठ्ठावीस वर्षं होती. आज चौदा.

ती हॉलला कुलूप घालायची विसरून थेट टेकडी चढली. फेस्टस गोठ्याच्या दारात एक मेंढी उलटी धरून तिचे खूर तासत होता.

"यंदा तू आला नाहीस," ती धापा टाकत म्हणाली.

"बाजार व्हायचाय अजून."

"बाजारावाचून काय अडलंय? विचारायचं ते आत्ता विचार."

फेस्टसनं मान वर केली. "बरंबिरं नाही का तुला?"

तिनं सगळं सांगितलं. तो आधी गालातल्या गालात हसला, मग इतका हसला की मेंढी त्याच्या मांडीतून निसटून दोन खूर तासलेले आणि दोन तसेच घेऊन पळाली.

"म्हणजे म्हातारी नव्वदीत माती वाहायची ती शहात्तरीत. अगं, हे तुझंच वय. उद्यापासून ये माझ्याकडं पाटी घेऊन."

"केस तरी काळेच होते," डेलिया म्हणाली.

"आता दगडावर काय कोरणार?"

"एकशे चार."

"कागद म्हणतो ते खरं, असं कोण म्हणायचं गं?"

"तेही कागदच म्हणतो. दोन कागदांतला कुठला धरायचा ते घरच्यांनी ठरवायचं. तिनं सरकारकडून मान्य करून घेतलं, मी कोण नाही म्हणणारी?" एवढं बोलून ती कुंपणाच्या दगडावर टेकली. पबवाल्यांचा कप्तान या क्षणी तिला आठवला असेल, पण त्याचं नाव तिनं काढलं नाही. "तू विचारतोयस का नाही?"

फेस्टसनं सुरी मांडीवर पुसली आणि बाजारात करतो तसा चेहरा केला. "मला जरा विचार करू दे."

"इतकी वर्षं विचारतोयस आणि आता विचार कसला?"

"विचारत होतो ते अठ्ठावीस वर्षांची बाई म्हणून. चौदाचीच असेल तर भाव वेगळा पडतो, डेलिया. आमचं बघ. आमचा टॉम सत्त्याण्णवाव्या वर्षी गेला. मला काय, अजून अठरा वर्षं आहेत."

सांगावं की नाही हे डेलियानं, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच, मनाशी तोलून पाहिलं.

"तुमच्या टॉमचंही पान उघडलं मी," ती म्हणाली.

"किती?"

"एकोणीस."

त्याचे ओठ हलले. वजाबाकीत तो कधीच चुकत नसे. "म्हणजे अठ्ठ्याहत्तर."

"हो."

"मी एकोणऐंशीचा आहे."

"माहीत आहे मला."

फेस्टसनं सुरी मिटून खिशात टाकली. मेंढी वर, उतारावर उभी होती. तिच्याकडं त्यानं एकदा पाहिलं आणि तिला तशीच राहू दिली. मग नळावर हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश.

"फादर या वेळेला घरी असतील का गं?" त्यानं विचारलं.