जावई, घंटी वाजव

मेट्रन अंतर किलोमीटरमध्ये मोजत नसत, रोझरीत मोजत. सायकलच्या हँडलला जपाची माळ गुंडाळलेली असे आणि पॅडलवर पाय पडला की ओठ हलायला लागत. शुक्रवारी पहाटे मस्कतमधल्या गाला भागातून आम्ही निघालो की थोड्याच वेळात मी धापा टाकत विचारायचो, समुद्र अजून किती लांब? त्या म्हणायच्या, "अर्धी रोझरी." मी चिपळूणचा, रामरक्षेवर वाढलेला. अर्धी रोझरी म्हणजे नेमकं किती, हे मला आजही सांगता येणार नाही. माझा दम मात्र नेहमी तिच्या आधी संपायचा.

मेट्रन मूळच्या वसईच्या. मस्कतच्या इस्पितळात माझी बायको त्यांच्या हाताखाली होती. आपल्या वॉर्डातल्या मुलीचा नवरा तो आपला जावई, हा त्यांचा हिशेब. जावई म्हणायच्या, पण मान कसला? सरळ अरेतुरे करायच्या. माझं पोट बघून त्यांनीच मला सायकल घ्यायला लावली. त्यांना नाही म्हणण्याची पद्धत इस्पितळातही नव्हती, तर स्पेअर पार्ट्स विकणारा मी कोण? निघताना त्यांचा अरबी शब्द "यल्ला", म्हणजे चला; पोचल्यावर "खलास", म्हणजे झालं. वॉर्डातही तेच. सलाईन संपलं की लांबूनच "खलास" म्हणायच्या. गावाहून नवा आलेला एखादा मराठी पेशंट ते ऐकून पांढराफटक पडे. मग त्याच्या उशाशी जाऊन सांगायच्या, "अरे, बाटली खलास. तू नाही."

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, कडांचं दिसेनासं होत चाललं होतं. बाजूने येणारी गाडी त्यांना अंगावर आल्यावर कळे. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली, तेही चाचरत, कारण ते डॉक्टरही त्यांच्या धाकात तयार झालेले. मेट्रननी विचारलं, "रस्त्यावर बंद ना? पाण्याच्या कडेनं चालेल?" डॉक्टर हसले. मेट्रन हसल्या नाहीत.

त्यांची पुतणी दक्षिण फ्रान्समध्ये, एका जुन्या कालव्याजवळ राहते. कालव्याच्या काठाने सायकलची वाट आहे. गाड्या नाहीत, चढ नाही, पाणी जाईल तिकडे आपण जायचं. मेट्रन लहानपणी वसईत वाडीतल्या पाटाच्या बांधावर सायकल शिकल्या होत्या. "पडले तर पाटात. लागायचं नाही, फक्त ओरडा मिळायचा," असं सांगताना त्यांचा चेहरा परकरातल्या पोरीसारखा होई. त्यांना एक अख्खा दिवस हवा होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पाण्याच्या सोबतीने, स्वतःच्या पायांनी. त्यानंतर सायकल त्या स्वतःच सोडणार होत्या. कोणी काढून घेतली असं त्यांना व्हायला नको होतं, आणि डोळे काही थांबणार नव्हते.

सोबत जायला बायकोला रजा मिळेना. "तुम्ही तसेही बसूनच असता, तिकडे सायकलवर बसा," म्हणून तिने मला पाठवलं.

आम्ही दोघंही ओमानात मुरलेले. सायकल काढायची तर ऊन चढायच्या आत, याशिवाय दुसरं काही आम्हाला ठाऊकच नाही. त्यामुळे चार वाजता उठून, कॅरियरला दिवसभर पुरतील एवढ्या पाण्याच्या बाटल्या बांधून आम्ही कालव्यावर हजर झालो. काळोख, धुकं आणि अशी थंडी की माझ्या दातांनीच जप सुरू केला. वाट कुठे नि पाणी कुठे, काही कळेना. शेवटी एका बाकावर कुडकुडत उजाडायची वाट बघत बसलो. इथली माणसं ऊन पडलं की सायकल काढतात, असं पुतणी आदल्या दिवशी म्हणाली होती. आम्हाला ती थट्टा वाटली होती.

मग धुकं वर गेलं. दोन्ही काठांनी जुनी झाडं पाण्यावर वाकलेली आणि मधोमध ते संथ, हिरवं पाणी, लांबवर सरळ गेलेलं. ओमानात आम्ही पाणी बघितलं ते टँकरने आणलेलं किंवा खारट. कडांचं दिसत नसल्यामुळे मेट्रन सबंध मान फिरवून एक एक झाड बघत होत्या, राउंड घेताना एक एक पेशंट बघावा तशा. माळेवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "यल्ला."

पुढे पाण्याचे दरवाजे लागले. एक बोट आत आली, मागचा दरवाजा लागला, पाणी भरत गेलं आणि ती बोट आमच्या डोळ्यांदेखत आमच्या उंचीला आली. मी मोबाइल शोधत राहिलो. मेट्रन मात्र ती बोट वरच्या पाण्यात निघून जाईपर्यंत हात जोडून उभ्या होत्या.

दुपारी एक दगडी पूल आला. चांगला रुंद, बोगदाच म्हणा. खालची वाट अरुंद, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला पाणी, कठडा नाही. उन्हातून त्या काळोखात शिरताना मेट्रनना काहीच दिसेना. त्या थांबल्या. मी म्हटलं, उतरून चालू या, मी हात धरतो. त्यांनी पाण्याच्या दिशेने तोंड वळवलं.

"आज उतरले तर उतरलेच," त्या म्हणाल्या. "जावई, पुढे हो. घंटी वाजव."

मी पुढे झालो. आरतीलाही एवढी घंटी वाजवली नसेल. मागून त्यांची रोझरी ऐकू येत होती, एका लयीत. अर्ध्यावर गेलो आणि ती थांबली. माझं काळीज पाण्यात पडलं. मागे वळावं तर मीही पाण्यात.

"जावई," मागून शांत आवाज आला, "घंटी?"

भीतीने मीच वाजवायचा थांबलो होतो. मी पुन्हा वाजवायला लागलो, मागे रोझरी सुरू झाली, आणि आम्ही उजेडात आलो. बोगद्यात मेट्रनचा एकही पाय जमिनीला लागला नव्हता.

संध्याकाळी पुतणी गाडी घेऊन उभी होती. कॅरियरवरच्या बाटल्या जवळजवळ तशाच भरलेल्या. मेट्रन उतरल्या, सायकल स्टँडला लावली आणि रुमालाने सीट पुसली, पेशंट घरी गेल्यावर त्याची खाट पुसतात तशी. "खलास," म्हणाल्या. इतकी वर्षं तो शब्द मी त्यांच्या तोंडून आखाती अर्थानेच ऐकला होता. त्या संध्याकाळी तो मला मराठीत ऐकू आला. माझा चेहरा त्यांना नीट दिसला नसणार, तरी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, दिवस खलास. मी नाही."

आता त्या वसईला असतात. नजर बरीच गेली आहे. शुक्रवारी पहाटे मी समुद्राकडे निघालो की त्यांचा फोन येतो. तो स्पीकरवर ठेवून मी खिशात टाकतो. तिकडे त्या अंगणात खुर्चीवर माळ घेऊन बसलेल्या असतात. थोडा वेळ रोझरी ऐकू येते, मग सांगतात, "जावई, घंटी वाजव."

पुढे रस्ता मोकळा असतो. तरी मी वाजवतो.