परक्या गावचा राखणदार

काका बर्गनला येणार हे ठरलं तेव्हापासून मी धसका घेतला होता. काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही, माझे आईवडील गेले, त्यामुळे दापोलीजवळच्या आमच्या घरात ते एकटेच राहतात. आंब्याची कलमं, थोडं भात आणि शिमग्यात येणारी पालखी, सगळं त्यांच्या अंगावर. आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, पण दाराला कुलूप असलं तर त्या अंगणात थांबत नाही. म्हणून मुंबईचे चाकरमानी रजेसाठी साहेबाच्या पाया पडतील, पण शिमग्याला येऊन दार उघडतील. आमचं दार काकांच्या मागे कोण उघडणार, तर उरलो मी एकटा, आणि मी नॉर्वेत.

फोनवर ते एवढंच म्हणाले होते की एकदा येऊन बघतो, मग काय ते ठरवू. यातलं 'ठरवू' मला अजिबात आवडलं नव्हतं. माझं उत्तर तयार होतं. नोकरी, बायकोची नोकरी, मुलीची शाळा. आंघोळ करताना मी ते पाठ म्हणत असे आणि दर वेळी माझा आवाज थोडा चढत असे, समोर कुणी भांडायला नसूनही.

गणपती झाल्यावर, भातकापणीच्या आधी जो मोकळा वेळ मिळतो, त्यात काका आले. कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसपोळी असं सगळं बॅगेत, आणि कपडे उरलेल्या जागेत. बर्गनला पाऊस होताच, तो कधी नसतो? काकांना त्याचं काही वाटलं नाही. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून त्यांना शहरभर फिरवायला लागलो आणि फिरवताना सतत बोलत राहिलो. बंदर, जुनी लाकडी घरं, डोंगरावर जाणारी गाडी. इतिहास आठवला नाही तिथे मी तो बनवून सांगितला. खरं कारण हे की मी गप्प बसलो असतो तर त्यांनी विषय काढला असता.

काका ऐकत होते, पण बघत भलतंच होते. जगभरचे लोक ज्या लाकडी घरांचे फोटो काढतात, त्यांच्या खांबाला त्यांनी अंगठ्याचं नख लावून पाहिलं आणि वाळवी लागत नाही का, असं विचारलं. मासळीबाजारात तर त्यांनी माझी लाजच काढली. बर्फावर मांडलेल्या एका भल्या मोठ्या माशाचा कल्ला त्यांनी सरळ बोट घालून उचलला. हर्णेच्या लिलावात मासा ताजा आहे की नाही हे असंच बघतात, कल्ला लाल हवा. इथल्या विक्रेत्या मुलीचा चेहराच त्यापेक्षा लाल झाला. मी दहादा माफी मागितली आणि नको असलेला मासा विकत घेतला.

डोंगरावर गेल्यावर खाली सगळं शहर दिसत होतं, बेटं, समुद्र, बोटी. मला वाटलं, आता तरी म्हणतील छान आहे. त्यांनी विचारलं, रात्री-अपरात्री ताप भरला तर कोण येतं? मी म्हटलं, फोन केला की ॲम्ब्युलन्स येते. ते म्हणाले, ती येईल रे, माणूस कोण येतं? मला राग आला. मी जरा तोडूनच सांगितलं की खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहतात, आमची किल्ली त्यांच्याकडे असते, मुलगी शाळेतून आली की आधी त्यांच्याकडे जाते. काकांनी मान हलवली. संध्याकाळी ते त्या बाईंकडे जाऊन बसले. मी भाषांतर करायला गेलो तर मला जा म्हणाले. तासाभराने परत आले ते एक विणलेली टोपी घालून.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं की इथला राखणदार कोण. आमच्याकडे प्रत्येक जागेचा एक राखणदार मानतात. आधी तो, मग आपण. मी म्हटलं, इथे तसलं काही नसतं. राखणदाराशिवाय जागा नसते, ते शांतपणे म्हणाले, आणि नारळ कुठे मिळेल असं विचारलं. एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या दुकानात तो मिळाला. आमच्या इमारतीमागे डोंगर सुरू होतो तिथे एक जुनं बर्चचं झाड आहे. त्याच्या मुळाशी त्यांनी नारळ ठेवला, टोपी काढली, हात जोडले. मी छत्री धरून उभा राहिलो, वरच्या खिडक्यांतून कुणी बघत नाही ना, याची खात्री करत.

काका गाऱ्हाणं घालू लागले. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने बोलणं. एकजण बोलतो आणि सोबतच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, तरच ते पोचतं. मला वाटलं, आला विषय. माझ्यासमोर बोलवेना म्हणून आता देवाच्या तोंडून मला घरी बोलावणार.

"बा राखणदारा, तुजं नाव मला ठावं नाय," ते म्हणाले. "पण ह्यो आमचा पोर तुज्या हद्दीत ऱ्हातो."

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटलो.

"आमच्या देवाला मी सांगून आलोय. माज्या मागं पालखी आमच्या अंगणात थांबवू नको. पोर येनार नाय, त्याच्यावर राग धरू नको."

मी छत्री घट्ट धरली. ते माझ्यासाठी थांबले नाहीत.

"मी सगळं बघितलं. हितं त्याला मानसं हायत. ते बघायलाच आलो हुतो. आता ह्याला तुज्या पदरात घालतो. ह्याची, ह्याच्या बायकापोरांची राखन तू कर."

मग ते थांबले. माझ्या उत्तरासाठी.

मला हवं होतं तेच सगळं मिळालं होतं, न मागता, न भांडता. आणि मला रडू येत होतं. आईवडील गेले तेव्हासुद्धा मला पोरकं वाटलं नव्हतं, कारण तिकडे एक दार होतं आणि त्या दारात काका होते. आज ते स्वतः इतक्या लांब येऊन, पावसात उभं राहून, मला दुसऱ्याच्या हवाली करत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं की थांबा, अजून काही ठरलेलं नाही. पण पाठ केलेल्या त्या उत्तरात असं एकही वाक्य नव्हतं.

"म्हन की रं," काका डोळे न उघडता म्हणाले. "तू म्हनल्याबिगर नाय पोचायचं."

मी म्हटलं.