पेला खाली ठेवला तर

रोहायूची आई मलेशियातल्या कोटा भारूच्या मंडईत माशाचे पापड विकते. त्या मंडईत बायकांचं राज्य. बाप्ये येतात ते पिशवी धरायला. अशा आईची पोर अरबी मुलखातल्या करक गावी शिकायला आली तेव्हा तिच्या मनात धास्ती अशी नव्हतीच. अरबी येत होती. लहानपणापासून मदरशात घोकलेली, व्याकरणासकट. मग अडणार काय?

अडलं ते पहिल्याच सकाळी, भाजीवाल्यापाशी. तिनं घोकलेल्या अरबीत मागणी केली, "हे बंधो, मज टोमॅटो दे, जे पक्व असती."

भाजीवाल्यानं आधी मागं वळून पाहिलं, कुणी मौलवी तर उभे नाहीत ना म्हणून. मग हात छातीवर ठेवून म्हणाला, "देतो, माते. आपण आकाशातून कधी उतरलात?"

शेजारचा खाटीक सुरी ठेवून हसायला लागला. रोहायूचे कान तापले, पण टोमॅटो चांगले होते. तिनं पैसे काढले तर हा म्हणतो, "राहू दे गं, पोरी. आमच्याकडून."

काय हे मोठं मन! ती मनापासून दुवा देऊन, पिशवी उचलून चालू लागली. वळणापर्यंत पोचते तो मागून धापा टाकत भाजीवाला हजर. "अगं, पैसे!"

घरी येऊन तिनं हा सगळा प्रकार घरमालकाच्या मुलीला, विजदानला, पायरीवर उभं राहूनच ऐकवला. "आधी देतो म्हणाला, मग मागं धावला! आमच्या मंडईत असं कुणी केलं असतं ना, तर माझ्या आईनं तराजू डोक्यात घातला असता."

विजदान पोट धरून पायरीवरच बसली. "अगं बये, 'राहू दे' म्हटलं की तू म्हणायचं, 'छे छे, घ्या'. तो पुन्हा म्हणणार 'राहू दे'. तू पैसे त्याच्या तागडीत टाकायचे. मग तो घेतो. तू त्याला उघडं पाडलंस!"

"मग सरळ का नाही मागत?"

"सरळ मागायला तो काय सावकार आहे?"

तिथून दोघींची गट्टी जमली. विजदान बारावीला बसलेली, रोहायूपेक्षा वर्षभरानं लहान, पण जीभ मात्र दहा वर्षांनी मोठी. रोहायू आणि तिच्या देशच्या मुली गच्चीवरच्या खोलीत राहायच्या, विजदानचं कुटुंब खाली. रोज रोहायू काहीतरी नवं शोधून यायची आणि खोलीत जायच्या आधी खाली थांबून सांगायची. बसवाल्याला विचारलं, विद्यापीठाला जाते का, तर त्यानं भुवया उंचावून जिभेनं 'च्च' केलं. तिला वाटलं हळहळतोय, म्हणून तीही सहानुभूतीनं उभी राहिली. तो 'च्च' म्हणजे 'नाही' होता. मग बस मिळाली, तर तिच्या शेजारी बसायला बाई नाही म्हणून ड्रायव्हरनं अख्खी बस उठवली. आजोबा मागं, शिपाई पुढं, दोन पोरं मांडीवर, तेव्हा कुठं एक बाई तिच्याशेजारी आली आणि बस हलली. कुणी कुरकुर केली नाही. रोहायूला ही गोष्ट इतकी आवडली की तिनं आईला फोनवर दोनदा सांगितली.

मग आली ईद. घरमालक अबू शाहेर यांनी गच्चीवरच्या सगळ्या मुलींना जेवायला बोलावलं. माणूस दिसायला खडूस, मिशा पिळलेल्या, पण पाहुणा म्हटलं की विरघळणारा. दह्यातलं मटण, खाली भात. रोहायूनं बोटांच्या टोकांनी भात उचलला तशी घरातल्या बायका माना डोलावू लागल्या. हिला हातानं खाता येतं! "आम्ही काय झाडावर राहतो होय?" असं तिच्या तोंडाशी आलं होतं, पण मटण चांगलं होतं म्हणून गिळलं.

जेवणानंतर कॉफी आली. पितळी चोचीचं भांडं, बिनकानाचा चिमुकला पेला, तळाशी घोटभर कॉफी. वेलदोड्याचा वास असा की रोहायूनं डोळे मिटले. ओठ लावला मात्र, जीभ वळली. कडुनिंब बरा! थुंकणं शक्य नाही, पिणं त्याहून शक्य नाही. तिनं पेला हळूच समोर सतरंजीवर ठेवून दिला.

कॉफी वाढणारा त्यांचा मुलगा शाहेर भांडं धरून तसाच उभा. अबू शाहेर सरळ होऊन बसले, मिशीवरून हात फिरवला आणि एकदम गंभीर आवाजात म्हणाले, "बोल पोरी. काय मागणं आहे?"

रोहायूनं इकडंतिकडं पाहिलं. सगळे तिच्याचकडं बघतायत. मागणं? कसलं मागणं?

"घाबरू नको. या घरात पेला ठेवलेला माणूस रिकामा गेलेला नाही. बोल."

रोहायूला जे खरं होतं तेच सुचलं. "साखर," ती म्हणाली.

विजदाननं उशीत तोंड खुपसलं, तिची आई उम्म शाहेर ओढणी तोंडावर घेऊन आत पळाली, आणि सबंध खोली फुटली. रोहायू ताडकन उठली. "हसायला काय झालं? कडू आहे तुमची कॉफी! कडूला कडू म्हणायचं नाही?"

अबू शाहेर मात्र हसले नाहीत. "पी पोरी. काम झालं," असं त्यांनी रीतीप्रमाणं म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी हा मिशाळ माणूस साखरेचं अख्खं पोतं खांद्यावर घेऊन गच्चीचा जिना चढला, पोतं दारात आपटलं आणि घाम पुसत उतरून गेला. शब्द म्हणजे शब्द.

पोत्यावर बसूनच विजदाननं तिला शहाणं केलं. "अगं वेडे, न पिता पेला खाली ठेवला म्हणजे पाहुण्याला काही हवंय. यजमान 'हो' म्हणेपर्यंत पाहुणा पीत नाही, आणि पाहुणा कॉफी न पिता उठला तर यजमानाची सात पिढ्यांची लाज जाते. आमच्याकडं लग्नं अशी जमतात. माझ्या मोठ्या काकांनी असाच पेला ठेवून एका खुन्याला माफी मिळवून दिली, भर सभेत. आणि तू? तुझ्या हातात राज्य होतं, तू साखर मागितलीस!"

रोहायूच्या अंगावर काटा आला. एवढंसं भांडं आणि एवढी ताकद! तिला रात्रभर झोप कसली येते. दुसऱ्याच दिवशी ती सरांच्या खोलीत गेली. तिथं चहा मिळाला, तो तिनं टेबलावर ठेवला आणि अर्थपूर्ण नजरेनं बघत बसली. परीक्षा पुढं ढकलायची होती. बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "चहा आवडत नाही का?"

"चहाला कुठं इज्जत असते?" विजदान म्हणाली. "चहा म्हणजे नुसती तहान."

उन्हाळ्यात बारावीचा निकाल लागला. विजदानला असे गुण पडले की गल्लीत फटाके वाजले. अम्मानच्या कॉलेजात नर्सिंगला तिचं नावही लागलं. आठवड्याच्या आत जाऊन जागा पक्की करायची, नाहीतर गेली. अबू शाहेरांनी पोरीच्या कपाळाची पापी घेतली, गल्लीत मिठाई वाटली आणि म्हणाले, "शाब्बास. पण अम्मानला नाही. आमच्या घरातली पोर परक्या छपराखाली झोपत नाही."

रोहायू तिथंच होती. तिचं टाळकं सरकलं. "काका, मग मी कुणाच्या छपराखाली झोपते? माझी आई समुद्रापलीकडं आहे."

"तुझी गोष्ट वेगळी. तू पाहुणी."

वर गच्चीवर विजदान रडत नव्हती. रडण्याच्या पुढं गेली होती. "तूच कर," ती म्हणाली. "शुक्रवारी मोठे काका येतात. त्यांच्यासमोर पेला ठेव. बाबा पाहुणीला नाही म्हणू शकत नाहीत."

"ठेवते. आणि यावेळी साखर नाही मागणार."

शुक्रवारी नमाजानंतर मोठे काका अबू गालेब येऊन गादीवर टेकले. सगळ्या गावाची भांडणं मिटवणारा माणूस. रोहायूला मुद्दाम बोलावलेलं होतं विजदाननं. ती मनातल्या मनात वाक्यं जुळवतेय, शुद्ध अरबी नव्हे, बाजारातली, टोचणारी. शाहेर कॉफी घेऊन आला. काकांना दिली, बापाला दिली, विजदानला दिली. रोहायूनं हात पुढं केला.

"तिला नको," अबू शाहेर म्हणाले. मिशीत हसले. "आमच्या मलेशियाला कडू सोसत नाही. तिच्यासाठी चहा आण. गोड कर चांगला."

लबाड म्हातारा! सगळं ओळखून होता. रोहायूच्या हातात पुदिन्याचा चहा आला, साखरेनं दाट झालेला. तिला तो ग्लास भिंतीवर फेकावासा वाटला. पण मंडईतल्या पोरीला एक कळतं. एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं धरायचं. ती विजदानकडं झुकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "माझ्या हातात चहा. तुझ्या हातात काय आहे?"

"मी घरची आहे गं."

"पेला तर तोच आहे ना?"

विजदाननं पेल्याकडं पाहिलं. मग बापाकडं. आणि तो चिमुकला पेला सतरंजीवर ठेवला. आवाज कसला होणार? पण सगळ्यांनी ऐकला.

"उचल," बाप म्हणाला.

"माझं मागणं आहे."

"हा खेळ नाही, विजदान. हा पाहुण्याचा मान असतो."

विजदाननं तोंड काकांकडं वळवलं. "मोठे काका, या घरात पेला ठेवून कुणी रिकामं गेलंय?"

"आजतागायत नाही," काका म्हणाले.

"ज्यानं आपल्या माणसाला मारलं, त्याचे लोक आले होते. तेसुद्धा नाही?"

"तेसुद्धा नाही."

"म्हणजे वैऱ्याला मिळतं आणि लेकीला मिळत नाही? मी घरची म्हणून कधी पेला ठेवला नाही, बाबा. पाहुणी असते तर एव्हाना अम्मानला असते."

शाहेर छताकडं बघत होता. रोहायूनं चहाचा ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, हात भाजले तरी कळेना. अबू गालेबांनी आपली कॉफी संपवली, शांतपणे दाढी पुसली. "अबू शाहेर, पेला गार होतोय."

"दादा, तुम्हीसुद्धा तिच्या बाजूनं?"

"मी कुणाच्याच बाजूनं नाही. मी पेल्याच्या बाजूनं आहे. आपल्या आजोबांच्या दारात पेला गार झाला नाही, तुझ्या दारात होऊ नये एवढंच."

अबू शाहेरांनी मिशी पिळली. सोडली. पुन्हा पिळली. "पी," ते पुटपुटले.

"आधी काम," विजदान म्हणाली. तिचा हात मांडीवरून हलला नाही.

"झालं समज! पी आता. पण..."

तो 'पण' कुणालाच ऐकू गेला नाही. कारण स्वयंपाकघराच्या दारातून उम्म शाहेरनं, जी एवढा वेळ एक शब्द बोलली नव्हती, जीभ टाळूला लावून लग्नघरातली किलकारी दिली. अशी लांब, अशी खणखणीत, की गावातल्या किल्ल्याकडच्या उतारापर्यंत ऐकू जावी. श्वास घेऊन आणखी एक. रोहायूला वाटलं बाईला काही झालं. मग समोरच्या गच्चीवरून उत्तराची किलकारी आली, तिच्या पलीकडून तिसरी, आणि खिडक्या उघडल्या.

"कुणाचा साखरपुडा गं, उम्म शाहेर?"

"साखरपुडा नाही!" उम्म शाहेर पिठाळ हातांनी खिडकीबाहेर वाकली. "माझी विजदान अम्मानला नर्स व्हायला निघाली! तिच्या बापानं शब्द दिलाय, मोठ्या दिरांसमोर!"

गल्लीभर अभिनंदनाचं "मबरूक, मबरूक" झालं. खालून कुणी बाप्यानं ओरडून सांगितलं, "अबू शाहेर, जिवंत रहा! बाप असावा तर असा!" रोहायू खिडकीशी जाऊन उड्या मारत होती, तिला त्या किलकारीत भर घालायची होती. तोंडातून मात्र कोंबडीसारखा आवाज निघाला, आणि अबू गालेबांनी गादीवर हसून लोळण घेतली.

विजदाननं पेला उचलला. गार, कडू, एका घोटात.

अबू शाहेर तोंडातला 'पण' घेऊन तसेच बसले होते. बायकोकडं पाहिलं. ती वळून बघायलाही तयार नव्हती, खिडकीतून चौथ्या शेजारणीला सांगत होती. शेवटी ते खाकरले.

"पण, म्हणत होतो मी, सकाळची अम्मानची बस भरून जाते. पहाटेच निघायला हवं. शाहेर, जा, तिची जागा धरून ये. बाईशेजारची."