तात्यांनी काढलेल्या चुका

गाझियाबादच्या बाल्कनीत कबुतरं आणि निवृत्त माणसाच्या डोक्यात किस्से, दोन्ही न बोलावता जमतात. कबुतरांसाठी निदान जाळी मिळते.

माझे किस्से एकाच टेबलाभोवतीचे. परांजपे बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी प्लॅस्टिकच्या मिग-२१चा किट आणला. जोडून झाल्यावर वीतभर होणारं विमान. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं त्यांच्याकडे जमायचो. परांजपे भाग चिकटवायचे, मी चहा प्यायचो आणि तात्या सबनीस चुका काढायचे. तात्यांच्या उमेदीची सारी वर्षं हवाई दलात खरीखुरी मिग दुरुस्त करण्यात गेलेली. त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

*

विमान पहिल्यांदा चाकांवर उभं राहिलं तेव्हा परांजप्यांनी पेढे आणले. तात्यांनी पेढा खाल्ला, चष्मा पुसला आणि विचारलं, "हे विमान जमिनीवर आहे की हवेत?"

"जमिनीवर. चाकं दिसतायत ना!"

"मग टायर इतके गोल कसे? एवढं वजन अंगावर आलं की टायर खालून चपटा होतो. लग्नानंतर माणूस होतो तसा!"

परांजपे आठवडाभर पॉलिशपेपरनं टायर घासत बसले. पुढच्या रविवारी तात्या म्हणाले, "आता पंक्चर दिसतंय."

*

रंगासाठी आम्ही करोल बागेत गेलो. गाड्यांच्या रंगाचं दुकान.

"भैया, ग्रे दिखाइए. हल्का वाला."

"गाड़ी कौन सी है?"

"मिग ट्वेंटी-वन," परांजपे अभिमानानं म्हणाले.

दुकानदारानं मान वर केली नाही. "पेट्रोल या डीज़ल?"

*

रंगाच्या डबीवर लिहिलं होतं, हवेशीर जागेत वापरा. नोव्हेंबर होता, बाहेर धुराचं धुकं. परांजप्यांनी खिडकी उघडली आणि आम्ही तिघंही खोकायला लागलो.

"लावा ती!" तात्या ओरडले. "त्यापेक्षा रंगाचा वास बरा!"

तेवढ्यात जी दिल्ली आत यायची ती आलीच होती. ओल्या पंखांवर काळसर पूड बसली. खरं विमान वापरून मळलेलं दिसतं, तसा परिणाम फुकटात मिळाला म्हणून परांजपे खूश.

तात्या म्हणाले, "आमची विमानं इतकी घाण नसायची. आम्ही पुसायचो!"

*

मग ती नळीची सकाळ. विमानाच्या नाकावर हवेचा वेग मोजणारी एक लांब नळी असते.

"ही मधोमध कुणी बसवली? ती किंचित उजवीकडे असते."

परांजप्यांनी मुकाट्यानं नळी काढून उजवीकडे बसवली. चहा झाला. तात्यांनी विमान पुन्हा हातात घेतलं.

"ही नळी मधोमध कुणी बसवली?"

आम्ही खो खो हसलो. "अहो तात्या, मघाशीच सरकवली की!"

तात्याही हसले. पण आमचं हसून झाल्यावर.

*

त्या हिवाळ्यापासून तात्यांना सोडायला त्यांच्या पत्नी सुमनवहिनी स्वतः येऊ लागल्या. लिफ्टमध्ये शिरून तात्या कुठला मजला ते विसरायचे. एका रविवारी तात्या आत जाऊन बसले तसं वहिनींनी आम्हा दोघांना दारातच थांबवलं.

"भावजी, घरी मला 'अहो बाई' म्हणतात. मी कोण ते उमगत नाही. पण तुमच्या विमानात चूक सापडली ना, की त्या दिवशी ठीक असतात. नावानं हाक मारतात. भाजीत मीठ कमी म्हणून ओरडतातसुद्धा." मग हळूच म्हणाल्या, "काहीतरी चुकवून ठेवत जा ना."

परांजप्यांच्या हातून चूक होईना. सवयच नव्हती. ते काम माझ्याकडे आलं. जन्मभर कारकुनी केलेली, अनुभव दांडगा होता.

*

पहिली चूक मी पंखावरच्या तिरंगी वर्तुळात केली. हिरवा बाहेर, केशरी आत.

तात्या ताडकन उभे राहिले. "केशरी बाहेर असतो! कुठल्या देशाचं विमान आहे हे? कुठल्या गाढवानं रंगवलं?"

मी हात वर केला. पुढची दहा मिनिटं त्यांनी माझा उद्धार केला. दारात उभ्या वहिनी ऐकत होत्या. नवऱ्याच्या तोंडच्या शिव्या इतक्या आनंदानं ऐकणारी बाई मी पाहिलेली नाही!

"सुमन, चल," जाताना तात्या म्हणाले. "या लोकांना काही येत नाही."

*

पुढे बारीक चुका त्यांना दिसेनाशा झाल्या. मी मोठ्या करत गेलो. एक चाक काढून ठेवलं. शेपूट वाकडं लावलं. प्रत्येक वेळी ओरडा थोडा उशिरा यायचा.

*

गेल्या रविवारी मी पंखांखालची दोन्ही क्षेपणास्त्रं उलटी लावली, तोंडं शेपटीकडे. लहान मुलालाही कळावं. वहिनी त्या दिवशी गेल्या नाहीत, खुर्ची ओढून बसल्या.

तात्यांनी विमान उचललं. नाकापासून शेपटीपर्यंत बोट फिरवलं. पोटाकडून पाहिलं. आम्ही शिव्यांची वाट पाहत होतो.

"वा," तात्या म्हणाले. "फार सुंदर झालंय. कुणी केलं?"

परांजप्यांना राहवेना. "तात्या, नीट बघा ना. क्षेपणास्त्रं बघा. उलटी आहेत ती!"

तात्यांनी विमान अलगद टेबलावर ठेवलं आणि परांजप्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू देत हो," ते म्हणाले. "कुणाच्या कामात उगाच चुका काढू नयेत."